सदुसष्ट काड्या

"पण बाबा, जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ते पाहिलं म्हणायला मी कुणाची परवानगी का घ्यावी?"

केदारगीर बाबा धुनीतली राख चाळत होते. भस्म खाली पडत होते, खडे चाळणीत राहत होते. त्यांनी खडे बाजूला टाकले आणि पुन्हा ओंजळभर राख घेतली.

"कुणी सांगितलं घ्यायला?"

"मंडळानं. माझ्या नोंदीपुढे त्यांनी लाल शाईनं 'शंका' असं लिहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

बोलणारे अच्युत रणदिवे. तालुक्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवीत. बाबांचा अनुग्रह घेऊन त्यांना वीस वर्षे झाली होती. पक्षी पाहण्याचा छंद त्याहून जुना. जिल्ह्याच्या पक्षिमित्र मंडळात आपला शब्द अखेरचा, असे ते मानून होते.

मठ कवठाळीच्या माळावर आहे. चुनखडीचा पांढुरका माळ. झाड म्हणावे तर एक बाभूळ; बाकी सगळे गवत आणि आकाश. नवखा माणूस इथे आला की म्हणतो, येथे काहीच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी त्या गवतातून एक काळा पक्षी माणसाच्या उंचीइतका सरळ वर उसळला. क्षणभर पंख फडफडवीत हवेत थांबला आणि पुन्हा गवतात पडला. तणमोर. नर. या जिल्ह्यात तो दिसल्याला अडतीस वर्षे लोटली होती.

अच्युतराव तेव्हा मठालगतच्या बांधावर बसले होते. शेजारी बाबा होते.

"शंका कसली आहे त्यांना?"

"म्हणे, लांडोर पाहिली असेल. लांडोर! मी!"

"लांडोर काय वाईट असते?" आतून आवाज आला. "दिसायला बरी असते की."

मठातला स्वयंपाक गिरजामावशींकडे होता. मध्येच बोलण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच होता.

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला कळून काय करायचंय, मास्तर? तुमच्या मंडळाला कळेना, त्याचं बघा."

बाबा हसले. अच्युतराव हसले नाहीत.

"आज चारला मिरजकर सर येणार आहेत. स्वतः. खात्री करायला."

विश्वास मिरजकर मंडळाचे अध्यक्ष. वय सत्तरीपलीकडचे, शिस्त कडक. चंडोलांच्या जाती नुसत्या आवाजावरून कशा ओळखाव्यात, हे अच्युतरावांना त्यांनीच शिकवले होते.

"रविवारी जिल्ह्याची यादी छापायला जाते. ही नोंद सिद्ध झाली नाही, तर माझ्या बावीस वर्षांच्या सगळ्या नोंदी तिच्यातून काढणार आहेत. म्हणतात, एक जर संशयाची, तर उरलेल्यांची हमी कोण देणार?"

"बरोबर विचारतात."

"बाबा!"

…

"तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. तुम्हीही पाहिलंत. तेवढंच त्यांना सांगा. तुमच्या शब्दावर कुणी लाल शाई ओढणार नाही."

"मी माळ पाहत होतो."

"त्याच माळावर तो उडाला!"

"उडाला असेल."

अच्युतराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला होता.

"वीस वर्षं मी या मठाची सेवा केली. कधी काही मागितलं नाही. आज एक शब्द मागतो आहे. तो तुम्ही दिला नाहीत, तर या मठाची पायरी मी पुन्हा चढणार नाही."

"पायरी कुठे आहे मठाला?" गिरजामावशी आतून म्हणाल्या. "उंबरा आहे नुसता. तोही झिजलाय."

कोणी हसले नाही. बाबा राख चाळत राहिले.

"झालं बोलून?"

"नाही. तुम्ही बोलला नाहीत तरी माझं अडणार नाही." अच्युतरावांनी पिशवीतून कॅमेरा काढला. "सकाळपासून मी हे कुणाला दाखवलेलं नाही. तुम्हाला आधी दाखवावं म्हणून आलो. … मादी सापडली मला. घरट्यावर बसलेली."

त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा बाबांपुढे धरला.

बाबांनी मान मागे घेऊन पाहिले. गवताच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची पक्षीण. लांब मान आखडून घेतलेली. डोळा इतका स्पष्ट, की त्यात आभाळ दिसत होते.

बाबा बराच वेळ पाहत होते.

"छान आहे ना?"

"हिच्या पुढे गवत नाही."

"अं?"

"मागे आहे. दोन्ही अंगांना आहे. पुढे नाही."

"हां, ते… होतं थोडं. चार-पाच काड्या मध्ये येत होत्या. ती चरायला गेली तेव्हा काढल्या. परत आली, निवांत बसली."

चाळणी थांबली.

"कशानं काढल्या?"

"लहानशी कात्री असते माझ्याकडे. नखांची. … बाबा, सगळे करतात. तेवढं केल्याशिवाय घरट्याचं चित्र मिळतच नाही."

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो बंद झाला. गिरजामावशी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

कवठाळीची एक रीत आहे. दसऱ्यापर्यंत या माळावर विळा चालत नाही. मठाच्या मूळपुरुषांच्या समाधीपुढे गावाने दिलेला तो शब्द आहे, आणि चार पिढ्या तो पाळला गेला आहे. ज्या वर्षी गुरे दावणीला हंबरत होती, त्या वर्षीही कोणी काडी तोडली नाही. दसऱ्याच्या सकाळी बाबा पहिली पेंढी कापून समाधीवर वाहतात. मग गाव विळे घेऊन माळावर उतरते. दसऱ्यापर्यंतच का, हे कोणी विचारलेले नाही.

"मी विळा नेला नव्हता," अच्युतराव म्हणाले.

"कसे न्याल?" गिरजामावशी म्हणाल्या. "विळा हातात असता तर लाज वाटली असती."

बाबा उठले. कोपऱ्यातली काठी घेतली आणि अनवाणी बाहेर पडले.

"बाबा, ऊन आहे. … बाबा, मी दाखवतो जागा, थांबा."

बाबा थांबले नाहीत.

माळावर दुपार नुकती कलली होती. पांढऱ्या खड्यांवरून ऊन उलटून डोळ्यांत येत होते. एक चंडोल गात गात उंच चढत होता. आवाज येत होता, चंडोल दिसत नव्हता. अच्युतराव पुढे झाले. कापडाचा लहानसा तंबू, ज्यात बसून त्यांनी चित्र घेतले होते, तो दुरूनच दिसला. त्यापलीकडच्या बाभळीवर एक डोमकावळा बसला होता. त्याने मान तिरकी केली होती.

बाबांनी काठी उचलून कावळा हाकलला. तो उडाला, घिरटी घेतली आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसला.

पावलांची चाहूल लागताच पक्षीण गवतातून वाकून निघून गेली. घरटे उघडे पडले. घरटे तरी कसले. दबलेल्या गवतातला एक खळगा, आणि त्यात तीन अंडी. ऊन सरळ त्यांच्यावर येत होते.

बाबा सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची सावली अंड्यांवर पडली.

"कापलेलं गवत कुठे टाकलंस?"

"तंबूच्या मागे."

"आण."

अच्युतराव घेऊन आले. काड्या अजून हिरव्या होत्या, टोके मात्र मान टाकू लागली होती.

"लाव."

"काय?"

"होतं तिथे."

"बाबा, याला मुळं नाहीत. हे उभं राहील, जगणार नाही."

"सावलीला मुळं लागत नाहीत. लाव."

अच्युतराव गुडघ्यांवर बसले. टिपणे घेण्याची पेन्सिल त्यांच्या खिशात होती. तिने त्यांनी भुईला भोक पाडले, काडी खोचली, बोटांनी माती दाबली.

"मोजत लाव."

"एक."

बाबा हलले नाहीत.

"दोन. … तीन. … चार. … पाच."

पाचनंतर अच्युतराव थांबले. हातातल्या गवताकडे त्यांनी पाहिले. मग वर, बाबांच्या चेहऱ्याकडे. बाबा बाभळीवरच्या कावळ्याकडे पाहत होते.

"सहा," अच्युतराव म्हणाले.

माती ओली होती, पण तिच्यात चुनखडी फार. तिसाव्या काडीला पेन्सिल मोडली. मग ते गाडीच्या किल्लीने भोके पाडू लागले. कुसळे बाह्यांत शिरली. गुडघे पांढरे झाले. चाळीस झाल्या. पन्नास झाल्या. आकडा उच्चारताना त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला, आणि साठनंतर ऐकण्यासाठी बाबांना मान खाली करावी लागली.

शेवटची काडी उभी राहिली तेव्हा घरटे पुन्हा दिसेनासे झाले होते.

"किती?"

"सदुसष्ट."

"ऐकू आलं नाही."

"सदुसष्ट, बाबा."

"मला मठात किती सांगितल्यास?"

"मी खोटं बोललो नाही. खरंच सांगतो. कापताना मला चार-पाचच वाटल्या."

"ते कळलं मला," बाबा म्हणाले. "खोटं बोलला असतास तर बरं होतं."

अच्युतरावांनी तंबू उपटला, गुंडाळला, काखेत घेतला. दोघे मागे फिरले आणि बांधावर जाऊन बसले. तिथून बाभूळ दिसत होती, आणि तिच्या अलीकडे नुसते गवत.

बराच वेळ गेला.

"आता त्या लांडोरीचं सांग," बाबा म्हणाले.

अच्युतरावांनी मान वर केली.

"लांडोर नव्हती ती."

"नक्की?"

"नक्की."

"गवताची पण खात्री होती तुला."

"होती. ती चुकली. सदुसष्टांचे मी चार केले, कबूल आहे मला. पण तणमोराची लांडोर मी केलेली नाही. तो तणमोर होता. मंडळानं म्हणू दे, मिरजकरांनी म्हणू दे, तुम्ही म्हणा. तो तणमोर होता."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या दिवसात पहिल्यांदा, पूर्ण वळून.

"हं," ते म्हणाले.

वारा पश्चिमेकडून येत होता. सारे गवत एकाच बाजूला वाकत होते, उठत होते. बाभळीवर कावळा अजून होता. अच्युतरावांचे लक्ष त्याच्यावरून हटत नव्हते.

"येईल का ती?"

बाबांची नजर गवतावर होती.

"नाही आली तर?"

…

"बाबा, नाही आली तर ती तीन अंडी माझ्या…"

बाबांनी हात वर केला.

बाभळीच्या अलीकडे, एका जागी, गवत वाऱ्याच्या उलट हलले. थांबले. पुन्हा हातभर पुढे हलले. अच्युतरावांनी दुर्बीण डोळ्यांकडे नेली. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी ती खाली, गवतात ठेवली. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हालचाल त्या सदुसष्ट काड्यांपाशी आली आणि नाहीशी झाली.

थोड्या वेळाने कावळ्याने पंख झटकले आणि तो गावाच्या दिशेने निघून गेला.

अच्युतरावांनी डोळे पुसले. घामच होता, असे ते म्हणाले. बाबांनी विचारले नव्हते.

"कॅमेऱ्यातलं चित्र पुसून टाकू?"

"पुसल्यानं गवत उगवणार आहे?"

"नाही."

"मग राहू दे."

चारला दहा मिनिटे कमी असताना मठापुढे जीप थांबली. मिरजकर एकटेच आले होते. पांढरी मिशी, डोक्यावर टोपी, काखेत मंडळाची जाड वही. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला.

"नमो नारायण, महाराज."

"नारायण."

"रणदिवे, सांगून ठेवतो," मिरजकर बांधावर टेकत म्हणाले. "मी तुम्हाला खोटं पाडायला आलेलो नाही. नोंदीला आधार लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे. उद्या कुणीही उठेल आणि कवठाळीत गरुड नाचताना पाहिला म्हणेल. फोटो आहे?"

"आहे."

मिरजकरांची भुवई वर गेली. "मग बैठकीत का नाही बोललात? दाखवा."

"नाही दाखवणार."

"म्हणजे?"

"तो दाखवण्यासारखा नाही. सर, वही उघडा. माझी एक नोंद लिहून घ्या."

मिरजकरांनी वही उघडली.

"आज सकाळी, कवठाळीच्या माळावर, मी एका घरट्यापुढचं गवत कात्रीनं कापलं. सदुसष्ट काड्या. फोटोसाठी."

मिरजकर लिहिता लिहिता थांबले.

"तुम्ही?"

"मी."

"रणदिवे, घरट्याला हात लावणाऱ्याचं सदस्यत्व जातं. नियम ठाऊक आहे ना? तो नियम तुम्हीच लिहून आणला होतात. मी मऊ करा म्हणत होतो, तुम्ही ऐकलं नाहीत."

"म्हणूनच ठाऊक आहे. आकडा लिहिलात? सदुसष्ट."

मिरजकरांनी आकडा लिहिला. खाली रेघ मारली. पेन टोपणात घालता घालता त्यांचा हात अडला.

"घरटं… कुणाचं?"

"तणमोराचं."

मिरजकरांनी टोपी काढली. त्यांना काय करावे ते कळले नसावे. त्यांनी ती पुन्हा घातली.

"घरटं. म्हणजे अंडी?"

"तीन."

"कुठे?"

"ते नाही सांगणार."

"रणदिवे…"

"नाही सर."

गिरजामावशी चहा घेऊन आल्या होत्या. कपबशा त्यांनी बांधावर मांडल्या आणि जाण्याऐवजी तिथेच पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे," मिरजकर म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तणमोर मी चित्रात पाहिलाय. पेंढा भरलेला पाहिलाय. जिवंत एकदाही नाही. लांबून दाखवा. शंभर पावलांवरून. मी श्वाससुद्धा रोखून धरीन."

"मीही सकाळी श्वास रोखूनच कापत होतो, सर."

"तुम्हाला चंडोल ओळखायला मी शिकवलं."

"हो."

"पहिली दुर्बीण माझी वापरलीत."

"हो. तरी नाही."

…

"इथे बांधावर बसा," अच्युतराव म्हणाले. "आज, उद्या, हवे तितके दिवस. नर उडाला तर इथून दिसेल. मी तुमच्यासोबत बसतो. पण बांधाच्या पुढे नाही."

"बसू? जत्रेत वाट चुकलेल्या पोरासारखा बसू इथे?" मिरजकर उठले. बांधाला जिथे खिंडार होते, माणूस जाईल एवढे, तिकडे ते वळले.

अच्युतराव चालत जाऊन त्या खिंडारात उभे राहिले.

"बाजूला व्हा."

"नाही."

"माळावर जायला तुमचा परवाना लागतो का आता?"

"आज लागतो."

"कुणी दिला हा अधिकार तुम्हाला?"

"ज्यानं सदुसष्ट कापल्या, त्याच्यावाचून राखण कोण करणार, सर? तुम्हाला अजून मोजावं लागलेलं नाही."

मिरजकर समोरासमोर उभे राहिले. दोघांत हातभर अंतर होते. अच्युतरावांच्या गुडघ्यांवरची पांढरी माती वाळून पडत होती.

मग मिरजकर मागे वळले. थेट बाबांपुढे आले.

"महाराज, तुम्ही सांगा. मी जागा विचारत नाही. एकच विचारतो. त्या दिवशी तुम्ही याच्या शेजारी होतात. पक्षी पाहिलात का? तुम्ही हो म्हणा. मी त्याची नोंद मान्य करतो, शंका काढून टाकतो. आणि आत्ता लिहिलंय ते…" त्यांनी वहीचे पान बोटांत धरले. "हे पान मी इथेच फाडतो. रविवारी यादीत याचं नाव जसंच्या तसं छापलं जाईल. बावीस वर्षांसकट. बोला."

गिरजामावशींनी बाबांकडे पाहिले.

बाबांनी अच्युतरावांकडे पाहिले.

आज जो शब्द मागण्यासाठी अच्युतराव आले होते, तो आता हातभर अंतरावर होता. वाऱ्याने वहीचे पान फडफडले.

"बाबांना विचारू नका," ते म्हणाले.

मिरजकर वळले.

"नोंद माझी आहे. तिच्यावरची शंका माझ्याच नावापुढे राहू द्या. यादीतून मला काढा. सगळं काढा, पहिल्या वर्षापासून. पण ते पान फाडायचं नाही. मंडळात माझं एवढंच राहिलं तरी चालेल. आणि तणमोर मी पाहिला आहे. तुम्ही छापा अगर छापू नका, कुणी विचारलं तर मी हेच सांगणार. मरेपर्यंत सांगणार."

"लोक हसतील."

"हसू द्या."

"मला तुमच्या नावापुढे सही करावी लागेल, रणदिवे. काढून टाकल्याची."

"करा, सर. पेन देऊ?"

मिरजकरांनी वही मिटली. चहाला हात लावला नाही. बाबांना नमस्कार करून ते जीपकडे गेले.

"चहा तरी घ्या हो," गिरजामावशी मागून ओरडल्या. "चहाचा काय गुन्हा?"

जीप निघाली. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती एकदा थांबली. माळाकडच्या बाजूची काच खाली झालेली दिसली. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग गेली.

अच्युतराव खिंडारातून हलले नव्हते. ते तिथेच खाली बसले. गिरजामावशींनी मिरजकरांचा कप उचलून त्यांच्या हातात दिला.

"घ्या, मास्तर. निवलाय थोडा."

त्यांनी तो एका घोटात संपवला.

सूर्य खाली गेला होता. माळाचा पांढरा रंग पिवळा झाला, मग तांबूस. गिरजामावशी समाधीपुढे दिवा लावायला आत गेल्या. बाबा काठी टेकीत बांधावरून चालत आले आणि अच्युतरावांच्या शेजारी बसले.

दोघेही माळाकडे पाहत होते.

"बावीस वर्षं," अच्युतराव म्हणाले.

…

"ते पान फाडायला निघाले होते, बाबा. बोटांत धरलं होतं. तुम्ही एक शब्द उच्चारला असतात, तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी नको म्हणालो ते खरं. पण तुम्ही तर त्याच्याही आधी बोलू शकला असता. का नाही बोललात?"

बाबांनी अच्युतरावांच्या बाहीत रुतलेले एक कुसळ हळूच ओढून काढले.

"तू बोलत होतास."